गंबोरोची कैफियत

नाशिक रोडहून सिन्नरच्या वाटेने जाताना शेताच्या बांधापलीकडे कोंबड्यांच्या ज्या लांबट शेडी दिसतात, तेथे धास्तीने उच्चारले जाणारे गंबोरो हे कोंबड्यांच्या रोगाचे नाव मूळचे अमेरिकेतील डेलावेअर प्रांतातल्या एका गावाचे; १९६२ साली तेथील या रोगाची नोंद प्रसिद्ध झाली आणि १९७१ साली तो हिंदुस्थानच्या दफ्तरी दाखल झाला.

पादुआच्या फाब्रिसियस या शरीररचनाशास्त्रज्ञाने वर्णिलेली, कोंबडीच्या गुदद्वाराजवळची बोराएवढी ग्रंथी शतकानुशतके कोडेच राहिली. प्रतिपिंडांशी तिचा संबंध ग्लिक या संशोधकांनी १९५६ साली दाखविला. गंबोरोचा विषाणू नेमका तेथेच घाव घालतो. तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांत ग्रंथी सुजते, तिच्यावर पिवळसर बुळबुळीत थर चढतो, मग ती आक्रसते. आणि वाचलेले पिल्लू पुढे इतर लसींनाही नीट दाद देत नाही, हे मला मृत्यूपेक्षाही दुःखद वाटते.

या विषाणूची वंशावळ दोन खंडांच्या आरएनएत लिहिलेली असते. त्याच्या व्हीपी२ या प्रथिनातील मोजक्या अमिनो आम्लांचा फेरफार वाचून प्रयोगशाळा १९९० नंतर देशात शिरलेला अतितीव्र वाण ओळखू लागल्या. रिकाम्या शेडीतही हा विषाणू महिनोन्महिने तग धरतो. म्हणून कुक्कुटपालकांनो, जुने तूस उचलून, भिंती धुऊन, मगच नवी पिल्ले उतरवा.