रोपाला कोणता दिवा?

नवरात्रात घट बसतो तेव्हा त्याच्याभोवतीच्या मातीत धान्य पेरतात आणि शेजारी नंदादीप तेवत ठेवतात. नऊ दिवसांत अंकुर वीतभर उंच होतात, पण कसे? पिवळे, बारीक, लवलवीत. त्यांना पोसतो तो दाण्यातला साठा. नंदादीपाच्या उजेडात पान पुरते हिरवे करण्याचे बळ नसते.

मग हे बळ कोणत्या दिव्यात असते? 1861 साली फ्रान्समध्ये एर्व्हे मांगों याने दाखवून दिले की, विजेच्या दिव्याखालीही पानांत हिरवा रंग तयार होतो. 1880 च्या सुमारास विल्यम सीमेन्स याने इंग्लंडात आपल्या बागेत आर्क दिवा लावून रात्रीही रोपे वाढवली. गंमत अशी की, दिवा उघडा असला की पाने करपत आणि मध्ये साधी काच धरली की तीच रोपे जोम धरीत! त्या प्रकाशातले अतिनील किरण काच अडवीत होती. डोळ्याला नुसता लख्ख दिसणारा दिवा रोपाला मानवेलच असे नाही, हे तेव्हाच कळून चुकले.

पुढे 1920 मध्ये अमेरिकेत गार्नर आणि अ‍ॅलार्ड यांनी दुसरीच गोष्ट उजेडात आणली. काही झाडे दिवस-रात्र किती लांब आहेत हे ओळखून फुलतात. शेवंती ही लांब रात्रीची. हरितगृहवाले मध्यरात्री काही वेळ दिवे लावून तिची कळी लांबवतात. तिथे मंद बल्बही पुरतो, कारण तो अन्न देत नाही, फक्त वेळ सांगतो. तेव्हा दिवा विकत घेण्याआधी तो पोसण्यासाठी हवा की वेळ सांगण्यासाठी, हे ठरवावे. पैसा वाया जातो तो इथेच.

पोसायचे तर जुना तारेचा बल्ब नको. त्यात बहुतेक वीज उष्णतेत जाते आणि पान भाजते. हिरव्या पानाला तांबडा आणि निळा प्रकाश विशेष मानवतो. चांगला निळा एलईडी 1993 मध्ये साधला आणि त्यातूनच आजचा पांढरा एलईडी आला. जांभळ्या दिव्याचे दुकानदार कितीही कौतुक करोत, मेथीच्या वाफ्याला साधा पांढरा एलईडी चालतो.

आता आपल्या खोडाळ्याचे. नागलीची रोपे कोणी दिव्यावर वाढवू म्हणेल तर हसेच होईल. भर दुपारच्या उन्हाचा उजेड सुमारे 1 लाख लक्स, तर घरातला संध्याकाळचा दिवा शे-दोनशेचा! पावसाळ्यातल्या ढगाळ दुपारीदेखील अंगणात खोलीपेक्षा कितीतरी पट उजेड असतो. वरई, नागली, मोगरा यांना आभाळच बरे. पण शाळेच्या अंधाऱ्या खोलीत गुरुजींना मुलांपुढे प्रयोग मांडायचा असेल, तर दिवा जरूर लावावा. रोपांपासून वीतभर उंचीवर टांगावा आणि दिवसाचे 14 तास ठेवावा. अंतर दुप्पट झाले की लहान दिव्याचा उजेड चौथाईवर येतो. म्हणून रोपे माना लांबवू लागली की दिवा आणखी खाली आणावा.