रे मार्केटची फुले मंडई

शनिवारवाड्यासमोर आज जिथे सभा भरतात, त्याच पटांगणात एकेकाळी पुण्याची भाजी उघड्यावर विकली जायची. १८८०च्या सुमारास नगरपालिकेने ठरवले की शुक्रवार पेठेत पक्की, छपराची मंडई बांधायची.

त्या नगरपालिकेत जोतीराव फुले सभासद होते. त्यांनी या खर्चाला विरोध केला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर लावा, असे त्यांचे म्हणणे. व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागताच्या खर्चालाही त्यांनी असाच विरोध केला होता. पण मंडईची गोष्ट वेगळी, कारण हा धंदा त्यांच्या घरातलाच होता. घराणे माळ्याचे, फुलांच्या व्यापारामुळेच गोऱ्ह्यांचे फुले झाले आणि वडिलांचे भाजीचे दुकान होते. भाजी विकणाऱ्याला डोक्यावर छप्पर मिळू नये असे हा माणूस कसे म्हणेल? त्याच काळात ते ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहीत होते. शेतकऱ्याच्या पोराला आधी अक्षर मिळू दे, इमारत मागून होईल, हा त्यांचा क्रम होता आणि मला तो आजही पटतो.

इमारत मात्र उभी राहिली. १८८६ साली ती पुरी झाली आणि गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने रे मार्केट म्हणून ओळखली जाऊ लागली. बांधकाम वासुदेव बापूजी कानिटकरांचे. मधोमध अष्टकोनी भाग, त्यावर उंच मनोरा आणि चहूकडे पसरलेल्या पाखा. कौशल्य दिसते ते आत गेल्यावर. छप्पर इतके उंच की मेथी-कोथिंबिरीच्या जुड्यांचा ओला दर्प कोंडत नाही. विक्रेता उंच गाळ्यावर मांडी घालून बसतो, त्याच्याभोवती वांगी, गवार, दोडके यांची उतरती रास. गिऱ्हाईक खाली उभे, पण माल बरोबर त्याच्या हाताशी येतो. वाकावे न लागता वांगे दाबून बघता येते, भाव करता करता देठ पारखता येतो.

१९२४ साली मोतीलाल नेहरूंच्या हस्ते इथे टिळकांचा पुतळा बसला. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने ‘रे’ गेले आणि मंडईला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. ज्याने ही इमारत नको म्हटले त्याचेच नाव तिला, अशी टीका करता येईल. मला ती गैरलागू वाटते. फुल्यांचे भांडण खर्चाच्या क्रमाशी होते. गाळ्यावर बसणाऱ्या बागवान-माळ्यांशी त्यांचे नाते लॉर्ड रे यांच्यापेक्षा कितीतरी जवळचे.

घाऊक व्यापार पुढे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला, किरकोळ इथेच राहिला. २०२४मध्ये जवळच मेट्रोचे भुयारी स्टेशन सुरू झाले. तेव्हा त्याला नाव मिळाले ते ‘मंडई’ एवढेच.