‘पक्का’ कुठून आला

नंदुरबार जिल्ह्यात तापी आणि गोमाईच्या संगमावर प्रकाशा हे गाव आहे. १९५५ साली पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी तिथल्या टेकाडाचं उत्खनन केलं. त्यात ताम्रपाषाण काळातली, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची, नक्षी रंगवलेली खापरं निघाली. इतके पावसाळे, इतके पूर येऊन गेले, तरी त्या खापरांचा चिखल झाला नाही. त्याचं कारण ‘पक्का’ या शब्दाच्या कुळातच सापडतं.

संस्कृतातला ‘पच्’ म्हणजे शिजवणं. त्याचं झालं ‘पक्व’, प्राकृतात ‘पक्क’ आणि मराठीत ‘पक्का’. साखरेचा पाक याच घरातला. कुंभाराचा ‘आवा’ही यांचाच भाऊबंद, कारण त्याचं मूळ रूप ‘आपाक’. भांडं उन्हात वाळतं आणि आव्यात शिजतं, हा फरक आपल्या भाषेने फार आधी ओळखला होता.

उन्हात वाळवलेली कच्ची वीट हाताला खडखडीत लागते. ती पाण्याच्या बादलीत सोडा. बुडबुडे येतात, कडा ढासळतात आणि थोड्या वेळाने तळाशी गाळ उरतो. उन्हाने कणांमधलं पाणी तेवढं नेलं होतं. माती मातीच राहिली होती. हा भौतिक बदल. तीच वीट भट्टीत पाचशे-सहाशे अंशांच्या वर गेली, की मातीच्या घडणीतच बांधलेलं पाणी सुटतं आणि ती घडण मोडते. आच आणखी वाढली की कण एकमेकांना कायमचे धरतात, मातीतलं लोह तांबूस रंग देतं. आता ही वीट बादलीत पाणी पिते, पण गाळ होत नाही. हा रासायनिक बदल.

मात्र विस्तवावर चढलं ते सगळं पक्कं झालं, असं नाही. सातपुड्यात मोहाची फुलं पाण्यात घालून आंबवतात. चूल पेटण्याआधीच, त्या आंबणाऱ्या थंड मिश्रणात, म्हणजे सडव्यात, किण्व साखरेचं अल्कोहोल करतं. वर फेस येतो तो कार्बन डायऑक्साइडचा. खरा रासायनिक बदल तिथे होतो. पुढे भट्टीवर होते ती फक्त निवड. अल्कोहोलचा उत्कलनांक ७८ अंश, पाण्याचा १००. म्हणून वाफेत अल्कोहोल जास्त जातं आणि थंड होऊन थेंबाथेंबाने उतरतं. ज्याला दारूची भट्टी म्हणतो, तिथे नवा पदार्थ जन्मलेलाच नसतो.

म्हणून ‘तापवलं का?’ या प्रश्नाने काही कळत नाही. विचारायचं ते हे, की तापवल्यावर पदार्थ तोच राहिला का. वर्गात व्याख्या पाठ करून घेण्याआधी प्रत्येक मुलाच्या हाती मातीचं एक वाळलेलं ढेकूळ, मडक्याचा एक तुकडा आणि पाण्याची वाटी द्यावी. एक विरेल, एक राहील. प्रकाशाची खापरं का टिकली, हे त्या वाटीत दिसेल.