सहाव्या टीमची गोष्ट

हॉकी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर टर्फ येतं. आज मात्र बर्फावरची हॉकी, तीसुद्धा अमेरिकेतल्या कॉलेजांची. माझ्या प्रोजेक्टचा क्लायंट मिनेसोटाचा आहे. हिवाळ्यात शुक्रवारी दुपारनंतर तिकडचं कोणी कॉलला नीट थांबत नाही, कारण शुक्रवार-शनिवार कॉलेज हॉकीच्या मॅचेस असतात. तिथून मला हा नाद लागला.

तिकडे कॉलेजं 'कॉन्फरन्स'मध्ये खेळतात. कॉन्फरन्स म्हणजे आपली लीगच समजा. कोण कोणाशी खेळणार, प्रवास किती, टीव्हीचे पैसे कुठे जाणार, सगळं त्यावर ठरतं. लीग जिंकली की राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश.

2010 साली टेरी पेगुला नावाच्या उद्योजकाने पेन स्टेट विद्यापीठाला 8 कोटी 80 लाख डॉलर दिले. रिंक बांधा, टीम उभी करा. हेतू चांगलाच होता. पण 'बिग टेन' या श्रीमंत कॉन्फरन्सकडे तोवर हॉकीच्या पाचच टीम होत्या आणि स्वतःची लीग काढायला सहा लागतात. पेन स्टेट सहावी ठरली!

मग मिशिगन, मिशिगन स्टेट आणि ओहायो स्टेट सीसीएचएमधून बाहेर पडल्या, मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन डब्ल्यूसीएचएमधून. या दोन्ही जुन्या लीग. मोठी नावं जाणार म्हटल्यावर नॉर्थ डकोटा, डेन्व्हर वगैरेंनी 2011 मध्येच एनसीएचसी ही नवी लीग जाहीर केली. 2013 मध्ये सीसीएचए बंद पडली. कोडमधली एक ओळ बदलावी आणि भलतंच मॉड्यूल कोसळावं, तसं झालं.

गंमत म्हणजे खेळात फायदा झाला तो एनसीएचसीचा. 2016 ते 2019 सलग चार राष्ट्रीय विजेतेपदं तिच्या टीमनी नेली. बिग टेनला लीग म्हणून 2025 पर्यंत एकही नाही.

उरलेल्यांची मोट डब्ल्यूसीएचएमध्ये बांधली गेली. त्यात अलास्काच्या दोन टीम, अँकरेज आणि फेअरबँक्स, आणि पार दक्षिणेतलं अलाबामाचं हंट्सव्हिल. तेच, नासाचं रॉकेट सेंटर असलेलं गाव. हंट्सव्हिल ते फेअरबँक्स हे अंतर सरळ रेषेतसुद्धा पाच हजार किलोमीटरहून जास्त. कॉलेजच्या पोरांनी वीकेंडच्या दोन मॅचसाठी एवढं जायचं!

2019 मध्ये सात टीमनी सांगून टाकलं की आम्ही निघतो. 2021 मध्ये त्यांनी सीसीएचए हे जुनं नाव पुन्हा उभं केलं. या तिघांना सोबत घेतलं नाही. प्रवासाचा खर्च बघता मी त्या सातांना व्हिलन म्हणणार नाही. पण मागे राहिलेल्यांचं काय?

हंट्सव्हिलची टीम 2020 मध्येच बंद व्हायची होती. माजी विद्यार्थ्यांनी आणि चाहत्यांनी काही दिवसांत वर्गणी काढून ती वाचवली. वर्षभराने कुठलीच लीग घेईना, म्हणून विद्यापीठाने ती थांबवलीच. हे वाचताना मला खरंच कसंतरी झालं. पैसे जमवून जे वाचवलं, ते 'बसायला जागा नाही' म्हणून गेलं.

अँकरेजची टीमसुद्धा 2020 मध्ये बजेटमधून कापली गेली. विद्यापीठाची अट होती, 30 लाख डॉलर आणा. लोकांनी आणले, आणि 2022 मध्ये टीम पुन्हा बर्फावर उतरली.

आता पुढे कोण कुठे? ॲरिझोना स्टेटला 2024 मध्ये एनसीएचसीने घेतलं, सेंट थॉमसलाही तिने 2026 साठी बोलावलंय. ज्याच्याकडे पैसा आणि जवळचा विमानतळ, त्याला खुर्ची मिळते, असं माझं मत. अलास्काच्या दोन्ही टीम मात्र तेव्हापासून कुठल्याच लीगशिवाय खेळताहेत. थेट प्रवेश नाही, आयतं वेळापत्रक नाही. दर वर्षी एकेका कॉलेजला विचारायचं, येता का आमच्याकडे? आणि मधल्या काळात एकमेकींशी गव्हर्नर्स कप खेळायचा.