पागेपासून सरंजामापर्यंत : मराठी फौजेची घडण

मराठी राज्याच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. ज्याला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे तो बारगीर, आणि स्वतःचा घोडा, स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीला येई तो शिलेदार. शिवाजी महाराजांनी भर दिला तो बारगिरांच्या पागेवर. शिलेदारांची पथके होतीच, पण ती पागेच्या हुकमतीखाली ठेवली. कारण उघड आहे. घोडा ज्याचा, त्याचा स्वार. आणि स्वतःच्या घोड्यावर बसलेला माणूस रुसून घरी जाऊ शकतो किंवा दुसऱ्याकडे चाकरी धरू शकतो.

पागेची रचना सभासदाच्या बखरीत सविस्तर दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला, दहा जुमल्यांवर एक हजारी, पाच हजाऱ्यांवर एक पंचहजारी आणि सर्वांवर सरनौबत. या हिशेबाने हजारीच्या हाताखाली नावापेक्षा जास्त, म्हणजे साडेबाराशे स्वार येतात. दर पंचवीस घोड्यांमागे एक नालबंद आणि एक पखालजी असे. जुमलेदाराला सालीना 500 होन, हजारीला 1000 आणि पंचहजारीला 2000 होन असा तनखा होता. नेताजी पालकर, प्रतापराव गुजर आणि हंबीरराव मोहिते हे घोडदळाचे गाजलेले सरनौबत. पायदळाची उतरंड नाईकापासून सुरू होई आणि त्याचा सरनौबत वेगळा असे. येसाजी कंक हे त्यांतले प्रसिद्ध नाव. किल्ल्यावर तर सत्ता मुद्दामच विभागलेली होती : हवालदार, सबनीस आणि सरनौबत असे तीन अधिकारी एकमेकांवर नजर ठेवून असत, म्हणजे एकट्याला किल्ला शत्रूच्या हवाली करता येऊ नये.

पावसाळ्यात फौज छावणीला परत येई आणि दसऱ्यानंतर मुलुखगिरीला निघे. निघताना प्रत्येकाच्या चीजवस्तूची नोंद होई, परतल्यावर झडती. नोंदीबाहेर जे सापडे ते सरकारजमा होई, नाहीतर पगारात वळते करून घेतले जाई. बायका, बटकी, कलावंतिणी लष्करात नेण्यास बंदी होती. चिपळूणजवळच्या छावणीला महाराजांनी पाठवलेल्या पत्रातून या शिस्तीमागचा विचार कळतो. पावसाळ्यासाठी साठवलेली वैरण आधीच उधळली, तर घोडे उपाशी मरतील आणि मग शिपाई कुणब्यांचे दाणे, गवत, भाजी लुबाडू लागतील. तसे झाले तर रयतेला मोगल बरे वाटतील, असे त्यात बजावले आहे. दिव्याची पेटती वात उंदराने नेली तर गवताच्या गंजी जळतील, हेही सांगायला ते पत्र विसरत नाही. एवढ्या बारकाईने वैरणीचा विचार करणारा राजा विरळाच.

ही घडी टिकली नाही. 1689 मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली आणि राजाराम महाराजांना जिंजी गाठावी लागली. खजिना रिता, मुलूख शत्रूच्या ताब्यात. अशा वेळी सरदारांना वतने आणि इनामे देऊन आपल्या बाजूला ठेवण्यावाचून इलाज नव्हता, कारण औरंगजेबही त्यांना तीच लालूच दाखवीत होता. संताजी घोरपडे, धनाजी जाधव यांनी याच काळात मोगलांना जेरीस आणले. पण फौजा आता सरदारांच्या झाल्या होत्या. पुढे शाहू महाराजांच्या आणि पेशव्यांच्या अमदानीत हीच सरंजामी रीत बनली : मुलुखाचा वसूल तोडून द्यायचा आणि सरदाराने त्यातून ठरलेले पथक बाळगायचे. शिंदे, होळकर, गायकवाड, नागपूरकर भोसले यांनी या बळावर मराठी सत्ता दूरवर नेली, हे नाकारता येत नाही. मात्र छत्रपतींची अशी एक फौज उरली नाही.

महादजी शिंद्यांनी द बॉइन या युरोपी अधिकाऱ्याकरवी कवायती पलटणी उभारल्या. तोफा उत्तम, शिस्त कडक. 1790 मध्ये पाटण आणि मेडता येथे या पलटणींनी राजपुतांना हरवले. पण त्याही शिंद्यांच्याच होत्या. 1793 मध्ये लाखेरीला त्या होळकरांवर चालून गेल्या. 1803 च्या इंग्रजांशी झालेल्या युद्धात होळकर बाजूला राहिले, कवायती फौजेचा प्रमुख पेराँ इंग्रजांच्या आश्रयाला गेला, आणि असई व लासवाडी येथे शिंद्यांच्या पलटणी शौर्याने लढूनही हरल्या.