निरूढी परिबल मापन, अनियमित वस्तूंचे

ठरावीक भौमितिक आकार नसलेल्या वस्तूचे एखाद्या अक्षाभोवतीचे निरूढी परिबल (जडत्व आघूर्ण) तिच्या आंदोलनांवरून काढण्याची प्रायोगिक पद्धती. क्रिस्तीआन हायगेन्झ यांनी १६७३ मध्ये संयुक्त लंबकाचे गणित प्रसिद्ध केले (पहा : लंबक). लेनर्ड ऑयलर यांनी १७६५ च्या ग्रंथात निरूढी परिबलाची संकल्पना विशद केली (पहा : यामिकी).

गोल, चकती यांसाठी समाकलनाने सूत्रे मिळतात. कनेक्टिंग रॉडसारख्या भागांसाठी मापन सोयीचे ठरते. त्रिसूत्री दोलकात समान लांबीच्या तीन समांतर तारांनी तबकडी आडवी टांगतात. वस्तूचा गुरुत्वमध्य तबकडीच्या केंद्राशी उभ्या रेषेत आणून तबकडीला किंचित पीळ देऊन सोडतात व आवर्तकाल मोजतात. एकूण वस्तुमान, गुरुत्वीय प्रवेग, केंद्रापासून तारेच्या अंतराचा वर्ग व आवर्तकालाचा वर्ग यांच्या गुणाकाराला तारेची लांबी व ‘पाय’चा वर्ग यांच्या गुणाकाराच्या चौपटीने भागले असता एकूण निरूढी परिबल मिळते. त्यातून रिकाम्या तबकडीचे मूल्य वजा करतात. सूत्र लहान कोनांपुरतेच लागू पडते.

गुरुत्वमध्यातून न जाणाऱ्या अक्षासाठी समांतर अक्ष प्रमेय वापरतात (पहा : घूर्णन गती). वाहने, विमाने व फिरत्या यंत्रभागांच्या अभिकल्पात ही मूल्ये आवश्यक असतात.