झासेत्स्कीची तीन हजार पानं

मागच्या वेळी आपण फिनिअस गेजपाशी थांबलो होतो. १८४८ साली अमेरिकेत, व्हरमाँटमध्ये, सुरुंगाची दारू ठासायची लोखंडी पहार त्याच्या गालातून शिरली आणि कवटी फोडून वर गेली. माणूस जगला, पण स्वभाव पालटला, असं म्हणतात. म्हणतात कोण? डॉक्टर हार्लो. खुद्द गेजच्या हातचं काही आपल्यासमोर नाही. तोच गेज पुढे चिलीत जाऊन काही वर्षं घोडागाडी हाकत होता, हे मात्र सांगायचं राहून जातं.

आज ज्याच्याकडे वळायचं, त्यानं स्वतः लिहिलं. लेव झासेत्स्की, इंजिनिअरिंगचा रशियन विद्यार्थी. मार्च १९४३ मध्ये लढाईत गोळी लागली, कवटीत डावीकडे, मागच्या बाजूला. तो वाचला, पण उजव्या बाजूचं दिसेना. आपला उजवा हात कुठे आहे, तेही शोधावं लागे. अक्षरं गेली. एखादं अक्षर आठवायचं तर मुळाक्षरं पहिल्यापासून म्हणत तिथवर यायचं!

मानसशास्त्रज्ञ अलेक्सांद्र लुरिया त्याला विचारत, 'वडिलांचा भाऊ' आणि 'भावाचे वडील' यांत फरक काय? आपण झटकन सांगू, एक काका, दुसरे आपलेच बाबा. झासेत्स्कीला 'वडील' कळे, 'भाऊ' कळे. मधला 'चा' आणि 'चे' जे काम करतात, ते कळत नसे. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही संयोग आणि समवाय वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून दिले. संबंधच हातातून निसटला की जगणं कसं होतं, ते बघायचं तर या माणसाकडे जावं.

आता सुधारणेचं बघा. अक्षरा-अक्षरानं लिहायचा प्रयत्न चालला होता आणि जमत नव्हतं. मग एका डॉक्टरनं सुचवलं, हात न उचलता अख्खा शब्द एका दमात लिही. आणि जमलं! डोळ्यांना अक्षर ओळखू येत नव्हतं, पण हाताला वळण ठाऊक होतं. लुरियांचं युद्धकाळातलं बरंचसं काम याच धाग्यावर आहे. मेला तो भाग मेला. तेच काम शाबूत भागांकडून, वेगळ्या वाटेनं करून घ्यायचं.

वाचन मात्र तसं परतलं नाही. म्हणजे काय, तर स्वतः लिहिलेलं वाचायचं तरी एकेक अक्षर लावत बसायचं. दिवसभर खपून कधी एखादं पान, कधी तेवढंही नाही. अशी पंचवीस वर्षं. लुरियांनी त्यातले उतारे घेऊन, आपलं विवेचन जोडून, १९७१ साली पुस्तक केलं.

कपाळामागचा मेंदू त्याचा धड होता, हे लुरिया आवर्जून सांगतात. इच्छा, कल्पना, आपलं काय झालंय याची जाणीव, सगळं जागेवर. गेजचं नेमकं उलट. तिथे मार पुढच्याच भागाला बसला होता. आमच्या मते झासेत्स्कीचं दुःख जास्त जाचक, कारण हरवलेलं काय आहे हे त्याला रोज दिसत होतं. 'बरा झाला का?' असं विचारलं तर लुरियाही 'हो' म्हणत नाहीत. तो आई आणि बहिणींसोबत राहिला आणि रोज टेबलापाशी बसला. लिखाणाला आधी एका भयंकर जखमेची कहाणी असं नाव द्यावं असं त्याच्या मनात होतं. नंतर त्यानं ते बदलून ठेवलं, 'मी लढत राहीन'.